तिघांचे गॅरेज आणि जड मशीनची सरकवासरकव

प्रश्न : सांगलीत माझ्या घराच्या तळमजल्यावर १२ फूट बाय २२ फुटांचे गॅरेज आहे. तेथे आम्ही तिघे मित्र हौस म्हणून सुतारकाम करतो. हौस असली तरी मशीन पूर्ण मापाची आहेत : सव्वातीनशे किलोचा थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारे मशीन), दोनशे किलोंचा १८ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची उभी करवत), फळी सरळ व सपाट करणारे रंधा मशीन आणि टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत). थिकनेसर व रंधा मशीन एका मित्राचे, बँडसॉ दुसऱ्याचा, टेबल सॉ व जागा माझी. रात्री माझी छोटी गाडी आत घ्यायची असते, म्हणून रोज सगळे भिंतीकडे ढकलायचे आणि दुसऱ्या दिवशी परत ओढायचे. गेल्या महिन्यात बँडसॉ फरशीच्या सांध्यात अडून कलला. आम्ही दोघे जवळ होतो म्हणून सावरला. आता एक मित्र म्हणतो, सगळ्यांना चाके लावू. दुसरा म्हणतो, सगळे जमिनीला बोल्टने आवळून टाकू. खर्च कोणी करायचा यावरही एकमत नाही. पावसाळा आला की पुराची धास्ती वेगळीच. तेव्हा एवढे वजन हलवायचे कसे? जागा माझी असल्याने निर्णय मी घ्यावा असे दोघे म्हणतात, पण मला कोणाला दुखवायचे नाही.

— एक वाचक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही मित्रांचे म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे; अडचण एवढीच की चारही मशीनना एकच नियम लावावा असे दोघांनाही वाटते. आपण दिलेल्या मापांवरून माझे मत असे झाले आहे की बँडसॉ, थिकनेसर आणि रंधा मशीन यांना कायमची जागा द्यावी, चाके फक्त टेबल सॉला लावावीत आणि रोजची सरकवासरकव चार मशीनवरून एका मशीनवर आणावी. जड मशीन सुरक्षितपणे कसे हलवावे हे मी पुढे लिहिणार आहेच, पण जे मशीन रोज हलवावे लागते त्याची जागा चुकली आहे, असे समजून आधी जागेचा विचार करावा.

बारा फूट रुंदीत दोन्ही लांब भिंतींलगत दोन-दोन फुटांच्या पट्ट्या मशीनसाठी सोडल्या, तर मध्ये आठ फूट उरतात आणि छोट्या गाडीला तेवढे पुरतात. रंधा मशीन आणि थिकनेसर यांच्यातून फळी एका सरळ रेषेत जाते. त्यामुळे ही दोन्ही मशीन भिंतीला समांतर, लांबीच्या साधारण मध्यावर ठेवली, तर आठ फुटी फळीला आत जायला आणि बाहेर पडायला दोन्हीकडे जागा मिळते. फळी भिंतीच्या कडेने धावते आणि मधला भाग मोकळा राहतो. मात्र दोन्ही एकाच भिंतीला लावू नयेत, समोरासमोरच्या भिंतींना लावावीत, म्हणजे एकाच्या फळीच्या वाटेत दुसरे येणार नाही. काम करताना माणूस मधल्या मोकळ्या भागात उभा राहतो आणि त्या वेळी गाडी बाहेर असतेच. बँडसॉला मागचा कोपरा द्यावा. चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे सुमारे तेरा फूट, तेव्हा बावीस फुटांपैकी मागे नऊ फूट उरतात, आणि टेबल सॉ रात्री तेथे आरामात मावतो. टेबल सॉला चारी बाजूंनी जागा लागते, म्हणून कामाच्या वेळी मध्यावर यायचा मान त्यालाच. (गाडी रात्री बाहेर ठेवण्याची काही सोय होत असेल तर तीही विचारात घ्यावी, या सगळ्या पसाऱ्यात स्वतःचे इंजिन असलेली वस्तू ती एकटीच आहे.)

आता बँडसॉ का कलला ते पाहू, कारण हा प्रसंग आपण एका ओळीत लिहिला असला तरी पत्रातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. बँडसॉ उंच असतो, त्याचा पाया अरुंद असतो आणि वरचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चाक, त्याची चौकट व झाकण यांचे वजन बरेच वर असते. समजा, पाया १८ इंच रुंद आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ३६ इंचांवर आहे. असे मशीन सुमारे १४ अंश कलले की वजनाचा मध्य पायाच्या कडेबाहेर जातो आणि त्यानंतर ते कोणाचेही ऐकत नाही. पुढची कड फरशीच्या सांध्यात अडलेली असताना जर कोणी ५४ इंच उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीवर, हात लावून ढकलत असेल, तर दोनशे किलोंचे हे मशीन कलू लागायला जेमतेम ३३ किलोंचा जोर पुरतो. एवढा जोर एकटा माणूस नकळत लावतो. तेच मशीन १८ इंच उंचीवर धरून ढकलले, तर कलण्यासाठी शंभर किलोंचा जोर लागेल आणि तेवढा लागेपर्यंत काहीतरी अडले आहे हे ध्यानात आलेले असते. म्हणून उंच मशीन नेहमी खालून, पायाजवळून ढकलावे. वरचा हात फक्त तोल सांभाळण्यापुरता. आणि एवढे करूनही मशीन पडू लागलेच, तर सर्वांनी बाजूला व्हावे. गेल्या महिन्यात आपण ते सावरलेत हे नशीब. दोनशे किलोंचे पडते मशीन हाताने धरणे ही सवय होऊ देऊ नये. मशीन दुरुस्त करून मिळते.

तीन मशीन कायमच्या जागी नेण्यासाठी एकदाच हलवावी लागतील. त्या दिवशी घाई नको आणि तिघेही हजर हवेत. आधी वीज तोडावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून केबल गुंडाळून मशीनलाच बांधावी, म्हणजे ती पायात येणार नाही. बँडसॉच्या पात्याचा ताण सोडून पाते काढून ठेवावे, रंधा मशीनच्या पात्यांवर झाकण घट्ट बसवावे, फेन्स (फळी टेकवून सरळ नेण्याची पट्टी) आणि सुटे भाग काढावेत, थिकनेसरचे टेबल पूर्ण खाली आणून वजन जमिनीकडे न्यावे. मशीन कोठे धरायचे यावर फार भांडणे होतात, म्हणून स्पष्ट लिहितो : रंधा मशीन टेबलाच्या टोकांना धरून कधीही उचलू नये. ती टेबले लांब हाताने बाहेर आलेली असतात, त्यांवर भार आला की दोन्ही टेबलांची एकमेकांशी असलेली पातळी बिघडते आणि मग फळी कितीही वेळा मारली तरी सरळ होत नाही. बँडसॉचे टेबल तिरपे करता यावे म्हणून एका वळणदार आधारावर बसवलेले असते. तेही धरायची जागा नव्हे. भार घ्यायचा तो फक्त बुडाच्या चौकटीवर.

उचलण्यासाठी पहार आणि लाकडी ठोकळे यांच्याइतके चांगले साधन या कामाला नाही. पहारीने मशीनची एकच बाजू इंचभर उचलावी, लगेच खाली ठोकळा सरकवावा, मग दुसरी बाजू. एका वेळी इंचभराहून जास्त उचलण्याचा मोह टाळावा. ठोकळा हाताने आत घालू नये, काठीने ढकलावा. पहार निसटते तेव्हा बोटांना सवड देत नाही. दोन्हीकडे पुरेशी उंची झाली की खाली सव्वा ते दीड इंची जाड लोखंडी पाईपचे तुकडे घालावेत. पाईप मशीनच्या रुंदीपेक्षा लांब असावेत आणि कोणत्याही क्षणी निदान तीन पाईप भाराखाली असावेत, म्हणजे चार-पाच तुकडे लागतील. मागून सुटलेला पाईप पुढे आणून घालायचा. वळायचे असेल तर पुढचा पाईप थोडा तिरपा ठेवायचा. फरशीवर आधी १८ मिमीची प्लायवूड अंथरावी. त्याने सांधे झाकले जातात आणि भारही पसरतो. आपली फरशी शहाबादी असेल तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण खाली पोकळी राहिलेली फरशी एका बिंदूवरच्या भाराने तडकते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येतो त्या जागा खडूने खुणावून त्यांवरून मशीन नेऊ नये.

मशीन हलत असताना बोलणारा एकच असावा. "उचला", "सोडा", "पुढे" हे त्यानेच म्हणायचे. "थांबा" मात्र कोणीही म्हणावे आणि सर्वांनी त्या क्षणी थांबावे. पायात चपला नकोत, बंद आणि टणक बूट हवेत.

गॅरेजच्या तोंडाशी उतार असेल आणि मशीन बाहेर काढायचे किंवा आत घ्यायचे असेल, तर हिशेब बदलतो. दहास एक या उतारावर सव्वातीनशे किलोंचा थिकनेसर सुमारे ३२ किलोंच्या जोराने खाली ओढला जातो. पुराच्या भीतीने जोते उंच घेतलेल्या घरांत असतो तसा सहास एक असा तीव्र उतार असेल, तर हाच जोर ५४ किलोंच्या घरात जातो. पाईपवर किंवा चाकांवर असलेले मशीन तो जोर अडवत नाही. म्हणून उतारावर मशीनच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. वरच्या बाजूच्या भक्कम खांबाला जाड दोराचे दोन-तीन वेढे देऊन, दुसरे टोक हातात धरून हळूहळू सोडत जावे आणि प्रत्येक हातभर अंतरावर, बाजूला उभे राहून, खालच्या अंगाला पाचर, म्हणजे गाडीच्या चाकाला लावतो तशी उटी, लावत जावी.

एक सूचना मी आग्रहाने करीन. गॅरेजला पत्र्याचे छप्पर असेल, तर त्याच्या कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला, चेनपुली अडकवून मशीन उचलण्याचा विचार करू नये. ती कैची पत्र्याचे वजन आणि वारा यांच्यासाठी केलेली असते. पुली वापरायचीच असेल तर लोखंडी तिपाई भाड्याने आणावी आणि तिचे तिन्ही पाय खाली एकमेकांना साखळीने बांधावेत, नाहीतर भार येताच ते फाकतात. पट्ट्याचे दोन पदर लावून उचलताना ते शक्य तितके उभे ठेवावेत. दोन्ही पदर जमिनीशी ३० अंशांपर्यंत पसरले, तर प्रत्येक पदरावर मशीनच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. ६० अंशांवर तोच निम्म्याहून थोडा जास्त असतो. हे सगळे नको असेल, तर कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत मशीन हलवण्याचेच काम करणारी माणसे मिळतात. बाजारातून हमाल आणण्यापेक्षा त्यांना बोलवावे. पोते पाठीवर घेणे आणि बिडाचे मशीन पहारीवर घेणे यांचे कसब वेगवेगळे आहे.

मशीन जागेवर बसले की पाणसळ लावून पातळी पाहावी, बुडाखाली लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या घालून ती जुळवावी आणि मगच बोल्ट आवळावेत. बँडसॉला बोल्ट हवेतच. त्यासाठी १० किंवा १२ मिमीचे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) वापरावेत, पण ते फरशीच्या खालच्या काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. नुसत्या फरशीत बसवलेला फास्टनर दिसायला घट्ट आणि प्रत्यक्षात निरुपयोगी असतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर पुरेसा मुरूम न टाकता केलेली जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते, त्यामुळे वर्षातून दोनदा पाणसळ पुन्हा लावून पाहणे इष्ट.

टेबल सॉच्या चाकांविषयी. चार चाकांवर वजन समान वाटले जाते हा समज सोडावा. खालची जमीन थोडी जरी उंचसखल असली तरी प्रत्यक्षात तीनच चाके भार घेतात, म्हणून प्रत्येक चाकाची क्षमता एकूण वजनाच्या निदान एक तृतीयांश असावी. दीडशे किलोंच्या मशीनला प्रत्येकी पन्नास किलो, आणि दुकानदार जे सांगतो त्यावर थोडे जास्त धरावे. चाकाचा व्यास चार इंचांपेक्षा कमी नको. ज्या सांध्यात आपला बँडसॉ अडला, त्याच सांध्यात दोन इंची चाकही अडते. रबरी चाक एकाच जागी उभे राहून चपटे होते, लोखंडी चाक फरशी फोडते, तेव्हा पॉलियुरेथेनचे घ्यावे. दोन चाके फिरती, दोन स्थिर, असे ठेवले की मशीन सरळ रेषेत जाते. चाके थेट मशीनच्या पायांखाली न लावता अँगलची चौकट करून तिच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर बसवावीत. त्याने पाया रुंद होतो आणि टेबलाची उंचीही फारशी वाढत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : काम करताना टेबल सॉ चाकांवर उभा नसावा. चाकाचा ब्रेक लावला तरी फिरत्या चाकाच्या खुंटीत खेळ राहतो, आणि फिरणाऱ्या पात्यात जड फळी ढकलताना मशीन अर्धा इंच जरी सरकले, तरी फळी पात्यात अडकून अंगावर उलटी येऊ शकते. चौकटीला स्क्रूने खाली येणारे चार पाय करून घ्यावेत. मशीन जागेवर आले की पाय खाली, चाके अधांतरी.

विजेबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचे आपला वायरमन पाहील. थ्री फेज मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. मशीनची जागा बदलताना प्लग किंवा केबल नवी लावली, तर पाते बसवण्यापूर्वी, म्हणजे बँडसॉच्या बाबतीत पाते काढलेले असतानाच, क्षणभर बटण दाबून फिरण्याची दिशा पाहावी. बाकीच्या मशीनना पट्टा उतरवून नुसती मोटर फिरवून पाहता येते.

आता पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकराला नव्याने सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी ती ओलांडली गेली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वेळी आपल्या गॅरेजमध्ये किती पाणी होते ती खूण भिंतीवर अजून असेल, नसेल तर शेजाऱ्यांना विचारून रंगाने करून घ्यावी. त्या खुणेखालची प्रत्येक वस्तू पाण्यात जाणार असे धरून चालावे.

पण म्हणून सव्वातीनशे किलोंचा थिकनेसर ऐन पावसात उतारावरून बाहेर काढून कोठेतरी न्यावा, असे मी म्हणणार नाही. ओली फरशी, अंधार, गेलेली वीज आणि घरच्यांना हलवण्याची घाई असताना केलेले असे काम म्हणजे अपघाताला आमंत्रण. बीड पाण्यात बुडून वाया जात नाही. गंज चढतो, तो काढता येतो. वाया जातात त्या मोटरी, स्टार्टर आणि बेअरिंगे. पाच अश्वशक्तीची मोटर साधारण ३५ ते ४५ किलोंची असते आणि चार बोल्ट सोडून पट्टा उतरवला की दोघे जण ती जिन्याने वर नेऊ शकतात. तेव्हा बेत मोटरींचा करावा, मशीनचा नव्हे. प्रत्येक मोटरच्या तारांना आजच रंगीत पट्टी बांधून ठेवावी, म्हणजे परत जोडताना दिशा चुकणार नाही. लागणारे पाने एका डब्यात घालून तो डबा गॅरेजमध्ये न ठेवता घरात वर ठेवावा. स्टार्टर भिंतीवर पुराच्या खुणेच्या वर बसवता आला तर उत्तमच. नाही बसवता आला, तर तोही मोटरीबरोबर काढावा. पातळी इशाऱ्याच्या चाळीस फुटांकडे चढू लागली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मेन स्विच बंद करून मोटरी काढायला घ्याव्यात, पंचेचाळिसाची वाट पाहू नये. टेबलांच्या घासलेल्या पृष्ठभागांवर ग्रीसचा जाड थर द्यावा. टेबल सॉ चाकांवर असल्यामुळे पाऊस वाढण्याआधीच उंच जागी नेता येईल. तेवढा त्या चाकांचा जास्तीचा फायदा.

पाणी उतरल्यावर गाळ वाळायच्या आत मशीन स्वच्छ पाण्याने धुवावीत, पुसून डिझेलचा हात फिरवावा. गाळ एकदा वाळला की तो खोबणीतून आणि स्क्रूच्या आट्यांतून निघता निघत नाही. बेअरिंगे उघडून धुता येण्यासारखी असतील तर धुऊन नवे ग्रीस भरावे, बंद प्रकारची असतील तर सरळ बदलावीत. एखादी मोटर काढायची राहून भिजलीच, तर ती "चालते का पाहू" म्हणून सुरू करू नये. वाइंडिंग करणाऱ्याकडे वाळवून, मेगर (तारांच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून, रोध निदान एक मेगाओम आल्यावरच वीज द्यावी.

राहिला प्रश्न मित्रांचा आणि पैशांचा. जागा आपली आहे म्हणून निर्णय आपण घ्यावा, असे दोघे म्हणतात ते त्यांच्या सोयीचे आहे, पण ते नाकारू नये. कारण त्या गॅरेजमध्ये कोणाला इजा झाली तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार आहे. दोघांना एकदा चहाला बोलावून जमिनीवर खडूने चारही मशीनच्या जागा आखून दाखवाव्यात आणि खोटी गाडी म्हणून आपली खरी गाडी एकदा आत घालून दाखवावी. तोंडी वादापेक्षा खडूच्या रेघांवर वाद लवकर मिटतो. दोन नियम मात्र तडजोडीविना ठेवावेत : एकट्याने कोणतेही जड मशीन हलवायचे नाही, आणि ज्याने टेबल सॉ हलवला त्यानेच पाय खाली घेऊन पाणसळ व गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहिल्याशिवाय जायचे नाही. खर्चाची विभागणी मी अशी करीन. मशीनची दुरुस्ती, पाती आणि बेअरिंगे मालकाची. फरशीची डागडुजी आणि वायरिंग जागामालक म्हणून आपले. आणि चाकांची चौकट, फास्टनर, मशीन हलवणाऱ्यांची मजुरी हा खर्च तिघांत सारखा, कारण मशीन कोणाचेही असले तरी जागा तिघे वापरतात. बँडसॉच्या मित्राला हे पटले नाही, तर गेल्या महिन्यात त्याचे मशीन कोणी सावरले याची आठवण त्याला करून द्यायला हरकत नाही.